चार बोटं राख आणि एक-तीनचा माल

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. राखण करावी तर मीच! माझ्या नजरेतून मुंगी सुटत नाही. नववीत शाळा सुटली तीसुद्धा या नजरेपायीच. गणिताचे सर फळ्यावर चुकले, मी भर वर्गात चूक दाखवली. ते म्हणाले, "खाली बस." मी म्हणाले, "आधी ते पुसा." मग शब्दाला शब्द वाढत गेला. डोकं जरा तापट आहे माझं. जराच!

म्हणून भिंगवाल्या बाईंनी नदीकाठच्या दगडाची राखण करशील का असं विचारलं, तेव्हा मला हसूच आलं.

"दगडाची राखण? दगड काय पळून जातो का!"

हे वाक्य आठवलं की आजही स्वतःच्याच कानाखाली एक वाजवावीशी वाटते.

भिंगवाल्या बाई म्हणजे दगडांचा अभ्यास करणाऱ्या बाई. गळ्यात दोरी, दोरीला छोटंसं भिंग. दगड दिसला की भिंग डोळ्याला, डोळा दगडाला. माणसाशीसुद्धा त्या तसंच बोलतात, एकदम नाकाजवळ येऊन. वरच्या रस्त्याखाली, नदीला लागून एक कडा आहे. लांबी मोजून अकरा पावलं, उंची दोन माणसं. खाली काळा दगड, वर तांबूस दगड आणि दोघांच्या मधोमध चार बोटं जाडीचा एक राखाडी पट्टा. सगळा जीव त्या पट्ट्यात!

"ही राख आहे," बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं. "लांब कुठेतरी ज्वालामुखी फुटला, त्याची राख उडत आली आणि इथे बसली. कोट्यवधी वर्षांपूर्वी. आसपास कुठेच इतकी स्वच्छ दिसत नाही."

आता बघा! आमच्या घरात दोन दिवस धूळ बसली तर आई घर डोक्यावर घेते. आणि ही कोट्यवधी वर्षं बसलीय तर तिला सरकारी संरक्षण!

बाईंनी अर्ज केला होता की ही अकरा पावलं कायद्याने राखीव करा. तात्पुरता आदेश निघालाही होता. हत्यार लावू नये, खणू नये, रंगवू नये, दगड नेऊ नये. मला एक शिट्टी मिळाली आणि एक नोंदवही. कोणी काही केलं की नाव लिहायचं, गुन्हा लिहायचा, काय कारवाई केली ते लिहायचं. महिनाभर वही कोरी! माझ्या शिट्टीचा धसकाच तसा होता. एकदा तर बाईच दगडाजवळ जरा जास्त वाकल्या आणि मी त्यांच्यावरही शिट्टी फुंकली.

पण कायमचा आदेश निघायला एकच अडचण होती, वरच्या रस्त्याचा ठेकेदार. त्याने लेखी हरकत घेतली होती. राखेचा थर मऊ आहे, तो झिजतोय, उद्या वरचा दगड खाली येईल, त्याच्या मागोमाग रस्ता येईल, म्हणून सगळ्या कड्यापुढे सिमेंटची भिंत उभी करा. भिंत कोण बांधणार? तोच! महिनाअखेरीला मोठे साहेब जागेवर येऊन दोन्ही बाजू ऐकणार होते आणि तिथेच निकाल देणार होते.

आदेश निघाला की मी कायम. नाही निघाला तर कडा भिंतीमागे, आणि मी? आईने आधीच जाहीर केलं होतं, "ही नोकरी टिकली तर टिकली. नाहीतर गुपचूप परत नववीत." आणि नववीत आता कोण आहे? माझा धाकटा भाऊ!

"ताई, बाकावर जागा धरून ठेवलीय तुझ्यासाठी," तो रोज म्हणायचा. "खिडकीकडची मात्र माझी हं."

साहेब येणार त्याच्या आदल्या संध्याकाळी बाई येऊन गेल्या. भिंग लावून पट्टा न्याहाळला आणि त्यांचा चेहरा उतरला. "राख आत आत जातेय गं. मुलं बोटं घालतात, काड्या घालतात. ही फट आणखी खोल गेली तर साहेब म्हणतील, राखायला उरलंय काय?"

म्हणजे मी असताना मुलांनी बोटं घातली? माझ्या नाकाखाली? डोकं सटकलं. घरी आले ते धुसफुसतच. ताट पुढे आलं तसं मी ते मागे सारलं.

"त्या एका फटीपायी माझी नोकरी जाणार उद्या! आणि या घरात कुणाला पडलेलीच नाही!"

"ओरडू नकोस," आई म्हणाली.

"ओरडणार! बाबा जगाच्या भिंती नीट करत फिरतात. पोरीचं काय चाललंय, कधी विचारलं?"

बाबा गवंडी आहेत. चाळीस वर्षं दगडाला दगड लावताहेत. बोलणं कमी, हात जास्त. त्यांनी घास गिळला आणि हळूच विचारलं, "किती रुंद आहे फट?"

"चार बोटं."

"आणि खोल?"

"निम्मी वीत. तुम्हाला काय करायचंय?"

"काही नाही," ते म्हणाले. आणि ताटाच्या कडेला चार बोटं लावून बघत बसले.

मी पाहिलं ते! पाहिलं आणि तरी डोक्यात आलं नाही. मुंगी सुटत नाही म्हणे!

सकाळी सातला मी कड्यावर पोचले. साहेब अकराला येणार होते. ऊन नुकतंच पाण्यावर आलं होतं, सगळं छान, शांत. मी ऐटीत शिट्टी गळ्यात घातली आणि कड्याकडे पाहिलं.

पट्टाच नव्हता!

म्हणजे पट्टा होता. पण राख नव्हती. या टोकापासून त्या टोकापर्यंत, अकराच्या अकरा पावलं, फट गच्च भरलेली. गुळगुळीत, सरळसोट, वर बारीक रेघ ओढलेली. ताज्या सिमेंटचा वास सुटला होता. आणि खाली रिकाम्या पोत्यावर बाबा बसले होते. पायाशी घमेलं, मांडीवर थापी, चेहऱ्यावर बारशाला आलेल्या आजोबांसारखा आनंद.

"ये," ते म्हणाले. "पहाटे पाचला लागलो. झाली बघ तुझी फट गायब."

माझ्या तोंडातून शब्द फुटेना. शिट्टी फुटली! नुसती फुर्रर्र!

"बाबा! काय केलंत हे!"

"दरज भरली." दोन दगडांमधल्या फटीला गवंडी लोक दरज म्हणतात. "एक-तीनचा माल आहे. एक घमेलं सिमेंट, तीनच घमेली वाळू. लोकांच्या घराला मी एक-सहाचा वापरतो. तुझ्यासाठी एक-तीन!"

"अहो, ती फट नव्हती! तोच तर पट्टा होता! तेच राखायचं होतं!"

"फट राखायची?" बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी घराचं छप्पर काढून पाऊस राखायला सांगतेय. "अगं, चाळीस वर्षांत फट राखा म्हणणारं गिऱ्हाईक मला भेटलं नाही!"

मी त्यांना धापा टाकत सगळं सांगितलं. ज्वालामुखी, राख, कोट्यवधी वर्षं, ठेकेदार, भिंत, साहेब, नववी, खिडकीकडची जागा. बाबांचा चेहरा उतरत उतरत घमेल्यापर्यंत आला.

"अकरापर्यंत निघेल का?" मी विचारलं.

त्यांनी अंगठ्याने माल दाबून पाहिला. "वरून सुकलाय, आत ओला आहे. अजून दोन तास. मग दगड होईल." आणि त्यांनी थापी उचलली.

"थांबा! हत्यार लावायचं नाही! नियम आहे!"

"मग काय फुंकर मारू?"

मी भावाला फोन लावला. घरात लाकडाचं जे काही असेल ते घेऊन ये, आत्ताच्या आत्ता! पंधरा मिनिटांत तो आला, मागून आईही आली. लाकडी उलथनं, दोन लाकडी चमचे, भावाची शाळेची पट्टी आणि एक लाटणं.

"लाटणं कशाला?" मी विचारलं.

"ते दगडासाठी नाही," आई बाबांकडे बघत म्हणाली.

मग आम्ही चौघं कड्याला भिडलो. उजव्या टोकापासून सुरुवात. उलथनं वरच्या कडेत सरकवलं, हलकेच तिरकं केलं आणि काय सांगू! हातभर लांबीचा तुकडा अलगद माझ्या हातात आला. मागे राख जशीच्या तशी! मी आनंदाने ओरडले. बाबा मात्र कपाळाला हात लावून बसले.

"इतकं सहज निघालं? शी! दरज भरण्याआधी आत पाणी मारायचं असतं. बादलीतलं पाणी मालातच संपलं होतं. कोरड्या धुळीवर माल बसतच नाही."

"बाबा, चांगलं झालं ना मग!"

"तुझ्यासाठी चांगलं. चाळीस वर्षांत माझं काम असं कुणी उलथन्याने काढलं नव्हतं."

आठ वाजले. तीन पावलं मोकळी. साडेआठ, पाच पावलं. भावाची पट्टी मोडली, तो म्हणाला आता भूमितीच्या तासाला काय वापरू, मी म्हणाले दात वापर. नऊ वाजले, आठ पावलं. जरा जोर जास्त झाला की राख चिमूटभर निसटायची. चिमटीत कोट्यवधी वर्षं!

साडेनऊला दहा पावलं मोकळी झाली आणि फोन वाजला. भिंगवाल्या बाई!

"अगं, साहेब लवकर निघाले. दहा मिनिटांत पोचतो. सगळं ठीक आहे ना?"

"एकदम!" मी म्हणाले. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

उरलं होतं एक पाऊल. शेवटचं, डावीकडचं. मी उलथनं लावलं, हललं नाही. चमचा लावला, चमचा मोडला.

"ते नाही निघणार," बाबा खाली मान घालून म्हणाले.

"का?"

"तिथे नदीचं पाणी आणलं होतं मी. आधी ब्रशने झाडलं, दोनदा भिजवलं, मग भरलं." आणि इतक्या धावपळीतही त्यांचा हात त्या तुकड्यावरून मायेने फिरला. "हे काम बरोबर झालंय."

वर गाडीचं दार वाजलं. आईने उलथनं पदराआड घेतलं, भावाने सिमेंटचे तुकडे पोत्याखाली ढकलले, पोतं झाकायला बाबा पोत्यावर जाऊन बसले. आणि मी? त्या एका पावलाला पाठ टेकून उभी राहिले.

साहेब जाड फाईल घेऊन उतरले. त्यांचं एकच पालुपद होतं, "थोडक्यात सांगा." मागून भिंगवाल्या बाई आणि सगळ्यात मागे ठेकेदार. त्याच्या अत्तराचा वास त्याच्या आधी खाली पोचला.

बाईंनी उजव्या टोकापासून सुरुवात केली. खालचा दगड, वरचा दगड, मधली राख. साहेब भिंगातून बघत होते, मान डोलावत होते, आणि पाऊल पाऊल माझ्याकडे सरकत होते. पाचवं पाऊल. सातवं. माझ्या पाठीला सिमेंटचा गारवा लागत होता आणि कपाळावरून घाम ओघळत होता.

"ही मुलगी कोण?" साहेबांनी विचारलं.

"राखणदार," बाई अभिमानाने म्हणाल्या. "फार चोख. एकदा माझ्यावरसुद्धा शिट्टी वाजवली हिने!"

"वा! जरा बाजूला हो, मुली. एवढं पाहिलं की झालं."

"इथे काही नाहीये, साहेब. सगळं तिकडच्यासारखंच आहे."

"मग बघू दे ना."

"इथे... इथे मुंग्या आहेत."

ठेकेदाराचे डोळे बारीक झाले. "ही पोरगी पालीसारखी भिंतीला का चिकटलीय?" असं म्हणत तो पुढे आला. मी हलले नाही. त्याने वाकून माझ्या खांद्यामागे पाहिलं, गाडीची किल्ली काढली आणि माझ्या कानाजवळून हात घालून खर्रकन ओरखडा काढला.

"सिमेंट!" तो ओरडला. "साहेब, सिमेंट! ताजं!"

मी बाजूला झाले. दुसरं काय करणार? एका पावलाचा तो तुकडा उन्हात इतका सुंदर दिसत होता की काय सांगू. त्याची रेघसुद्धा माझ्या सदऱ्यावर पाठीला उमटली होती.

"ते बघा, पोतंही आहे! म्हातारा वर बसलाय!" ठेकेदार आता नाचायचाच बाकी होता. "कोट्यवधी वर्षांचा थर म्हणे! काल बनवलाय! हे सगळंच बनावट आहे, साहेब. फाईल बंद करा, भिंतीला परवानगी द्या!"

भिंगवाल्या बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. त्या माझ्याकडे बघत होत्या. नुसत्या बघत होत्या, भिंगाशिवाय. साहेबांनी फाईल उघडली, पेनाचं टोपण काढलं.

"बाई, थोडक्यात सांगा. हे काय आहे?"

बाईंना कुठे माहीत होतं! भाऊ माझ्याकडे बघत होता आणि पहिल्यांदाच त्याला चिडवायचं सुचत नव्हतं. बाबा उठून उभे राहिले.

"मी केलं, साहेब. मी गवंडी. फट दिसली, भरली. फट दिसली की हात थांबत नाही माझा."

"कुणी सांगितलं होतं?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "कुणी नाही."

झालं! तिथे माझं डोकं फिरलं. ठेकेदारावर नाही, साहेबांवर नाही, स्वतःवर. आणि माझं डोकं फिरलं की जीभ मोकळी सुटते.

"खोटं आहे! मी सांगितलं! मी काल ताट ढकलून ओरडले, म्हणून ते पहाटे पाचला इथे आले! गुन्हा माझा आहे, लिहा! पण साहेब, बनावट काही नाहीये. अकराच्या अकरा पावलं भरली होती, दहा आम्ही सकाळपासून उलथन्याने मोकळी केलीत. ही दहा बघा आणि हे एक बघा! या एकात काय दिसतं तुम्हाला?"

साहेबांनी पाहिलं. "काही नाही. सिमेंट."

"बरोबर! आणि हे काका म्हणतात सगळ्याला भिंत घाला. म्हणजे या एका पावलात जे झालं तेच अकरा पावलांत होणार. वर आणखी दोन माणसं उंच! माझ्या बाबांनी चुकून केलं. हे परवानगी घेऊन करणार आहेत. फरक एवढाच!"

ठेकेदार सावरला. "ते राहू द्या. कडा कोसळला म्हणजे? रस्ता खाली आला म्हणजे?"

साहेब बाबांकडे वळले. "तुम्ही गवंडी ना? किती वर्षं?"

"चाळीस."

"कोसळेल का हे? थोडक्यात सांगा."

बाबांनी पिशवीतून ओळंबा काढला. दोरीला लटकणारं ते वजन कड्यापुढे धरलं, एक डोळा मिटला. मग वर चढून रस्त्यापर्यंत पावलं मोजून आले. भिंतीचं काम निघालं असतं तर ठेकेदाराने गवंडीकामाला बाबांनाच बोलावलं असतं, नेहमी बोलावतो. हे मला माहीत होतं. बाबांनाही माहीत होतं.

"वरचा दगड मागे झुकून बसलाय," ते म्हणाले. "पुढे यायचा नाही. रस्ता चौदा पावलं मागे आहे. भिंतीची गरज नाही, साहेब." मग त्यांनी ओळंबा पिशवीत ठेवला. "दरज भरायचीही गरज नव्हती. लोकांनी बोटं घालू नयेत म्हणून पुढे कठडा केला तर पुरेल."

साहेबांनी वर जाऊन, गाडीच्या बॉनेटवर फाईल ठेवून लगेच आदेश लिहिला. कडा राखीव. ठेकेदाराची हरकत फेटाळली. सही, तारीख. ठेकेदाराचं अत्तर आधी गेलं की तो, सांगता येणार नाही. भिंगवाल्या बाईंनी मला जवळ घेतलं आणि त्याच दमात कानही पिरगळला. आईने लाटणं भावाकडे दिलं. भाऊ म्हणाला, "ताई, आता माझ्या शेजारची जागा रिकामीच राहणार." चक्क हिरमुसला होता!

कथा इथे संपली असती तर मी किती शहाणी ठरले असते!

पण आदेशात साहेबांनी एक ओळ लिहिली होती: 'सदर कडा आज ज्या स्थितीत आहे त्या स्थितीत, संपूर्ण, जतन करण्यात यावा.' संपूर्ण म्हणजे अकरा पावलं. अकरा पावलं म्हणजे बाबांचं ते एक पाऊलसुद्धा! आता त्या सिमेंटला खिळा लावायचा तर तीन प्रतींत अर्ज करावा लागतो. बाई म्हणाल्या, राहू दे, नमुना म्हणून बरा आहे. त्यांनी तिथे पाटी लावली, बाण काढला, लिहिलं: 'थर झाकला की काय होते ते येथे पाहा.' आणि बाबा? येईल त्या पाहुण्याला तिथे घेऊन जातात. म्हणतात, "चाळीस वर्षांत किती भिंती बांधल्या, सरकारने संरक्षण दिलं ते फक्त हिला."

आदेशाच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी सातला मी कायमची राखणदार म्हणून कामावर गेले. नवी शिट्टी, तीच कोरी वही. बघते तर कड्याला चिकटून कोणीतरी उभं! हातात बादली, तांब्याने सपासप पाणी मारतंय.

मी जीव खाऊन शिट्टी फुंकली.

"अगं, ओरडतेस काय!" बाबा म्हणाले. "एक-तीनचा माल आहे. सात दिवस पाणी नको का मारायला?"

नियम म्हणजे नियम. मी वही उघडली आणि पहिली नोंद केली. गुन्हा: राखीव थरावर पाणी मारणे. गुन्हेगाराचा पत्ता: राखणदाराचाच. काय कारवाई केली, या रकान्यापाशी मी जरा अडले. मग खरं तेच लिहिलं.

'आणखी सहा दिवस मुदत दिली.'